जोर

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर
निळ्या शाईत लिहिलंय :
आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे.
खाली दोनदा रेघ.
परीक्षेत हे दोन मार्कांना येतं.

चंदगडहून वाळपईच्या दवाखान्यात रुजू झाले
त्या सकाळी रांगेतली एक बाई म्हणाली,
जोर आयला, बाय.
मी म्हटलं, मग चांगलंय की.
अख्खी रांग हसली.
इकडं तापाला जोर म्हणतात.
जोर येतो आणि माणूस आडवा होतो.

द्वारका माजीक, वय बावन्न.
चार दिवस अंगावर काढला होता तिनं,
काजूचे दिवस,
खाली पडलेले बोंडू कुणासाठी थांबत नाहीत
आणि भट्टीवाला तर नाहीच.

वही, पान सात :
रुग्ण सांगतो ते लक्षण,
आपल्याला दिसतं ते चिन्ह.
डोळ्यांमागं कुणीतरी नारळ सोलतंय, हे लक्षण.
डोळे रतांब्यासारखे लाल, हे चिन्ह.
पण खाटेवर टेकण्याआधी
तिनं कमरेची कोयती चाचपून पाहिली,
आहे ना जागेवर,
ते कुठल्या रकान्यात घालायचं?

डॉक्टर फ्लोरिंदा बार्रेटो फळ्यावर त्रिकोण काढतात.
एका टोकाला कारक,
एका टोकाला यजमान,
तिसऱ्याला पर्यावरण.
खडू त्यांच्या हातात नेहमी तिसऱ्या टोकाशीच मोडतो.

फॉर्म भरताना मी तिला विचारलं, यजमान?
‘घोव? तो गेलो गे. दोन वर्सां जालीं.’
मी लिहिलं : विधवा.
आणि मग पेन तसंच धरून बसले,
कारण यजमान तर तीच होती.
मोहरीएवढी गोचीड
पालापाचोळ्यातून तिच्या पोटरीवर चढली,
पोटभर जेवली,
आणि जेवणाचे उपकार ठेवून गेली.
वरच्या अंगाला एक माकड मरून पडलं होतं.
वास सगळ्यांना आला होता.
कळवलं कुणीच नाही.

रक्ताची बाटली बर्फात घालून पाठवली.
अहवाल येईतो तापाला उतार पडला.
औषधाचा गुण आला, असं तिची सून म्हणाली,
खरं तर माकडतापावर औषध नसतं,
सलाईन असतं, आणि वाट पाहणं.
मी रजिस्टरात लिहिलं : बरी.
किती सुबक अक्षर आलं होतं ते.

पान अकरा मी वाचलंच नव्हतं.
काही ताप दोन टप्प्यांत येतात.
मधले दिवस माणूस हिंडतो-फिरतो,
पेज मागून घेतो,
सुनेला दोन शब्द सुनावतो.
मग एका रात्री शब्द जिभेवर अडकतात,
पेला हातात वाजायला लागतो.
ॲम्ब्युलन्स बांबोळीला गेली तेव्हा
मी फाटकात उभी होते,
हातात तिची कोयती.

जूनच्या आधी ती परत आली.
निम्मी.
कोयती मी कपाटातून काढून दिली,
तिनं सुनेकडं सोपवली, तिच्याकडं न बघता.
जोर गेला होता.
दोन्ही भाषांतला.

माझ्या रजिस्टरात रकाने तीनच :
बरी. पुढं पाठवली. मृत.
ती ओणवून बघत होती.
तिला वाचता येत नाही,
पण रिकामी जागा ओळखता येते.
‘बरें बरय,’ म्हणाली.
मला आधी वाटलं, एकच शब्द दोनदा.
मग आठवलं, बरय म्हणजे लिही.

मी टोपण काढलं.
तिनं उठण्यासाठी भिंतीवर हात ठेवला,
काढला,
पुन्हा ठेवला, थोडा वर.
बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.
थांब रे, सून म्हणाली,
येतायत त्या.